हिरव्या सॅकचा तळ

“लाडवांचा डबा न्हाई, तर राजमाचीबी न्हाई,” आई म्हणाली आणि तिने शेंगदाण्याच्या लाडवांनी भरलेला पितळी डबा नंदाच्या पुढ्यात ठेवला.

“आई, पितळेचा डबा कोणी डोंगरावर नेतं का?”

“पितळेत लाडू मऊ पडत न्हाईत.”

आईपुढे, म्हणजे द्रौपदीबाईंपुढे, वाद घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं. नंदाचे बाबा तर प्रयत्नही करत नसत. नंदाने सुस्कारा टाकला आणि नीट भरून ठेवलेली हिरवी सॅक पुन्हा जवळ ओढली.

ही सॅक भरायला तिने कालची अख्खी संध्याकाळ घालवली होती. तळाला चादरी, त्यावर कपडे, तांदळाची पिशवी मधोमध आणि पाठीला चिकटून, टॉर्च आणि मलमपट्टी वरच्या खिशात. जयवंतदादाने तसंच शिकवलं होतं. मुलुंडच्या नवजीवन वसाहतीत एक मित्रमंडळ होतं. मंडळ गणपती बसवायचं आणि उरलेलं वर्ष मुलांना डोंगरांवर न्यायचं. डोंगरांचं काम जयवंतदादाकडे. वय तेवीस, गळ्यात शिट्टी, आणि बोलणं असं की हिमालय जणू त्याच्या गच्चीवरून दिसतो.

काल मंडळाच्या माळ्यावर त्याने सॅकचं वाटप केलं. “सॅक पाठीच्या मापाची घ्या, हौसेच्या मापाची नको,” असं तो ओरडत होता, पण नंदाने सगळ्यात मोठी हिरवी सॅकच धरून ठेवली. तिला दोघांचं सामान न्यायचं होतं, तिचं आणि धाकट्या माणिकचं. जयवंतदादाने त्या सॅकमधून जाडजूड पांढरा दोर ओढून काढला, खांद्यावर टाकला आणि सॅक झटकून तिच्या हातात दिली.

“गणपतीपासून दोर हिच्यातच झोपला होता,” तो म्हणाला. “आता तुझं सामान झोपव.”

माणिकला बरोबर नेण्यासाठी नंदाने दिवाळीची सुट्टी लागल्यापासून आईचं डोकं खाल्लं होतं. शेवटी आई कबूल झाली, पण एका अटीवर. “तू त्याला नेतीस, तूच परत आणायचास. दुसऱ्या कुणाचं नाव मला सांगायचं न्हाई.” नंदाने मान डोलावली होती. ते वाक्य तेव्हापासून तिच्या मनात कुठेतरी टोचत होतं.

आज संध्याकाळी राजमाचीला निघायचं, आणि त्याआधी सकाळी लहान मुलांचा दोरावरून उतरायचा सराव. मुलुंड कॉलनीच्या मागच्या डोंगरात एक काळा कडा होता, तिथे. सगळ्यात हलक्या मुलाला आधी उतरवणार, असं जयवंतदादाने जाहीर केलं होतं. सगळ्यात हलका होता माणिक. चहा-चपाती संपवून तो सकाळीच गेला होता, तोही छाती पुढे काढून, बक्षीस लागल्यासारखा.

नंदाने डब्यासाठी जागा करायला सगळं सामान बाहेर काढलं. शेवटी तळाची निळी चादर ओढली, आणि तिच्या हातात चादरीचा फक्त एक तुकडा आला.

तिने उरलेली चादर उलगडली. काल धुऊन, जेमतेम वाळवून घडी घातलेल्या चादरीची चाळणी झाली होती.

“उंदीर,” आई म्हणाली. “उंदरानं कुरतडली. माझी नवी चादर!”

एवढ्यात दारातून नंदाच्या दोन दोस्तांची डोकी आत आली. एक शुभाचं. तिला पुरावा दिल्याशिवाय सकाळ झाली हेसुद्धा पटत नसे. दुसरं चंद्रप्रकाशचं. त्याच्या मामाने मस्कतहून आणलेली लालभडक सॅक त्याच्या पाठीवर होती. दोन दिवस झाले, ती पाठीवरून उतरलीच नव्हती. काल तर तो तिच्यासकट दूध आणायला गेला होता.

“सवय करतोय,” कोणी न विचारताच तो म्हणाला.

शुभाने चादर उजेडात धरली. “काकू, उंदीर नाही. उंदराने कुरतडलं तर लेंड्या पडतात. दातांच्या खुणा असतात. ही भोकं बघा ना, कडा कशा पिवळ्या आहेत.”

“मग कसर,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“एका रात्रीत एवढी? कसर आहे की कारखाना?”

नंदाने सॅक उलटी केली आणि तळ चाचपला. जाड कापड तिच्या बोटाखाली पापडासारखं चुरलं. तिच्या बोटावर दिवाळीतल्या फुलबाजीचा चटका होता. तिथे एकदम अशी आग झाली की तिने हात झटकला आणि तो पाण्याच्या बादलीत बुडवला.

“हे भाजतंय,” ती म्हणाली. “शुभा, हात लावू नकोस.”

चंद्रप्रकाश बढाईखोर असला तरी शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला जागा असायचा. “काकू, खायचा सोडा आहे?” त्याने विचारलं.

सॅकच्या तळावर पाण्याचे चार थेंब टाकून नंदाने वर चिमूटभर सोडा भुरभुरला. क्षणात तो फसफसला, आणि कापडावर पांढरा फेस उभा राहिला.

“ॲसिड,” चंद्रप्रकाश हळूच म्हणाला. “सॅकमध्ये कोणीतरी ॲसिड सांडलंय, यार.”

“आणि हे काय?” शुभाने एका काडीने सॅकच्या कोपऱ्यातला पांढरा भुगा कागदावर ओढला. बारीक तुसासारखे तुकडे होते. “चादर निळी. सॅक हिरवी. मग पांढरं काय कुजलं?”

शुभाने कागदाची पुडी बांधून खिशात टाकली.

“बाकीच्यांच्या सॅकही त्याच माळ्यावरच्या आहेत,” नंदा म्हणाली. “त्यांतही हेच असेल तर? माळ्याची किल्ली गुणाजीकाकांकडे असते ना? चला.”

गुणाजीकाकांचं दुकान वसाहतीच्या फाटकाजवळ होतं. लग्नाची रोषणाई, गणपतीची रोषणाई, लाऊडस्पीकर, सगळं त्यांच्याकडे. दुकानात पाठमोरे उभे राहून ते रंगीत बल्बांची माळ गुंडाळत होते. दाराशी तीन-चार मोठ्या काळ्या बॅटऱ्या वायरींना जोडून ठेवल्या होत्या. नंदाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग शुभाकडे. शुभा मात्र काकांच्या पाठीकडे बघत होती.

“काय गो पोरांनू, सकाळीच धाड?” काका वळून म्हणाले.

“काका, मंडळाच्या या सॅकमध्ये ॲसिड कोणी नेलं होतं?” नंदाने विचारलं.

“ॲसिड? माका काय ठावक?” काका बल्बांच्या माळेची एक गाठ सोडवायला लागले. ती गाठ मुळात नव्हतीच. “मंडळाची पिशवी. दहा जण वापरतत.”

“काका,” शुभा गोड आवाजात म्हणाली, “तुमच्या सदऱ्याला पाठीवर एवढी भोकं कशी पडली?”

काकांचा हात आपोआप पाठीमागे गेला. सदऱ्याच्या खालच्या भागाची अगदी त्या चादरीसारखी चाळणी झाली होती. कडा पिवळ्या. काकांनी तिघांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. तिकडूनही मदत येण्यासारखी नव्हती.

“आता तुमका काय सांगू?” ते स्टुलावर बसले. “विसर्जनाक लाऊडस्पीकरची हातगाडी मोडली. बॅटरी कोण धरतलो? मगे मी ती पिशवीत घातलंय नि पाठीर मारलंय.”

“मग?”

“मगे ढोल वाजाक लागलो.”

“आणि?”

काकांनी मान खाली घातली. “नाचलंय जरा.”

पाठीवर ॲसिडने भरलेली बॅटरी घेऊन गुणाजीकाका विसर्जनात नाचले होते! एरवी चंद्रप्रकाश हसून जमिनीवर लोळला असता. पण नंदाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू घशातच राहिलं.

“सॅक धुतली होतीत?”

“सुकवलंय. डाग दिसाक नाय, म्हणान परत माळ्यार ठेवलंय. कोणाक सांगूक लाज वाटली गो. दुसऱ्या दिवशी जयवंतान तिच्यात दोर कोंबल्यान.”

‘गणपतीपासून दोर हिच्यातच झोपला होता.’ नंदाला जयवंतदादाचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. तिने शुभाच्या खिशातून पुडी ओढून काढली आणि उघडली. पांढरा भुगा. पांढरा दोर.

“माणिक,” ती म्हणाली. “त्या दोरावर आज पहिला माणिक उतरणार आहे.”

दुसऱ्या कुणाचं नाव सांगायचं नाही, असं आई म्हणाली होती. नंदाला आज नाव सांगायची वेळच येऊ द्यायची नव्हती.

गुणाजीकाकांचा चेहरा पांढरा पडला, पण माणूस हलला चटकन. त्यांनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि लूना बाहेर काढली. नंदा हिरव्या सॅकसकट मागे बसली. चंद्रप्रकाशने सायकल घेतली, शुभा डबलसीट. लूना तोफेसारखी धडधडत निघाली खरी, पण कॉलनीच्या चढावर आल्यावर धापा टाकायला लागली. शेवटी चंद्रप्रकाशच्या सायकलने तिला गाठलं. डोंगराच्या पायथ्याशी लूनाने एक उचकी दिली आणि ती गप्प झाली.

“धाव, बाय,” काका म्हणाले. “मी येतंय मागसून.”

नंदा धावत सुटली. करवंदीच्या जाळ्यांनी तिच्या पोटऱ्या ओरबाडल्या, दगडावरून एकदा घसरली, गुडघा फुटला. तिने पाहिलंही नाही. वरून मुलांचा गलका ऐकू येत होता आणि मध्येच जयवंतदादाची शिट्टी. ती शिट्टी उतरायला सांगणारी होती का? अजून दोर ताणला नसेल ना? ती शेवटच्या वळणावर आली आणि तिला कडा दिसला.

कड्याच्या टोकावर, दरीकडे पाठ करून, माणिक उभा होता. त्याच्या कमरेला आणि मांड्यांना पांढरा दोर बांधलेला होता. दोराचं दुसरं टोक एका झाडाच्या बुंध्याला वळसा घालून जयवंतदादाच्या हातात होतं.

“आता मागे झुक,” जयवंतदादा म्हणत होता. “घाबरायचं नाही.”

“माणिक, बस खाली!” नंदा ओरडली. “आहेस तिथेच बस!”

माणिक दचकला आणि टपकन खाली बसला. ताईचा हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो ऐकला की आधी ऐकायचं आणि मग विचारायचं.

जयवंतदादाची भुवई चढली. “नंदा, हा काय प्रकार आहे? त्याचं लक्ष उडालं असतं तर?”

नंदाला धाप लागली होती. तरी तिने एका दमात सगळं सांगितलं. बॅटरी, सॅक, चादर, सोडा, भुगा. मागून आलेल्या शुभाने नंदाच्या हातातल्या सॅकचा तळ दाखवला आणि काडीने त्याला भोक पाडलं. जमलेल्या मुलांत कुजबूज सुरू झाली.

जयवंतदादाने एकदा सॅककडे पाहिलं, एकदा मुलांकडे. सगळ्यांसमोर आपण चुकलो, हे मानणं त्याला जड जात असावं. तो हसला. “अगं, सॅक सुती. सूत कुजतं. हा नायलॉन आहे. नायलॉनला काही होत नाही.” त्याने दोराचा हातभर भाग दोन्ही मुठींत धरून झटकला. “बघ. तुटला?”

“पण हा भुगा पांढरा आहे, दादा.”

“दोरावरची धूळ असेल. मोठा झालोय मी या दोरांवर. चल माणिक, ऊठ.”

माणिक उठायला लागला. नंदाच्या लक्षात आलं, जितका वाद घालू तितकी दादाची ऐट वाढणार. तिने चंद्रप्रकाशकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीवरच्या लाल सॅककडे पाहिलं.

चंद्रप्रकाशला कळलं. त्याने सॅकचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरले. मामाने ती खास त्याच्यासाठी आणली होती. अख्ख्या वसाहतीत तशी दुसरी नव्हती. मग दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने ती पाठीवरून उतरवली.

“दादा, काल तू म्हणालास ना, हा दोर हत्तीला धरेल?”

“म्हणालोच. मग?”

“मग माझी सॅक धरेल की नाही? तिच्यात दगड भर. आधी सॅक, मग माणिक.”

“कशाला उगाच वेळ घालवायचा?”

“हत्तीला धरणारा दोर सॅकला भितो काय?” चंद्रप्रकाश मोठ्याने म्हणाला.

ते ऐकून पोरं खिदळली. कोणीतरी सुरू केलं, “आधी सॅक! आधी सॅक!” जयवंतदादाचे कान लाल झाले. “बरं बाबा, होऊन जाऊ दे. पण नंतर एक शब्द बोलायचा नाही कोणी.”

माणिकच्या कमरेचा दोर सुटला, तेव्हा कुठे नंदाला पुरता श्वास घेता आला. मुलांनी भराभर दगड आणले. शुभा सॅक भरत होती, आणि एवढ्या गडबडीतही जड दगड मधोमध, पाठीच्या बाजूला लावत होती. भरलेली सॅक माणिकपेक्षा जड झाल्याची खात्री दोघा-तिघांनी उचलून केली. मग दोर बांधला आणि सॅक कड्यावरून खाली सोडली.

जयवंतदादा हळूहळू दोर सोडत होता. लाल सॅक खडकाला घासत खाली चालली. झाडाच्या बुंध्यावर दोर करकरला, पण त्याने धरून ठेवलं. सॅक एका कंगोऱ्यावर अडकली, सुटली, हिसका बसला. तरी दोर शाबूत. जयवंतदादाने मान वळवून नंदाकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर हसू होतं.

नंदाला पहिल्यांदाच शंका आली. आपलं चुकलं असेल तर? तर माणिक उतरेल, आणि सगळी जन्मभर चिडवतील. तिला मनापासून वाटलं, चुकलेलंच असू दे.

दोराचा मधला वेढा जयवंतदादाच्या हातातून बुंध्याकडे सरकला. तिथे दोर जरा पिवळट होता.

आवाज अगदी लहान झाला. जुनं फडकं फाटावं एवढाच. जयवंतदादा मागच्या मागे पडला. खालून सॅक आपटल्याचा दणका आला, आणि मग दगड गडगडत जाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

जयवंतदादा उठून बसला. हातातल्या तुटक्या टोकाकडे बघत राहिला. टोक पिंजलेल्या कापसासारखं झालं होतं. त्याने ते दोन बोटांनी चोळलं, आणि त्याचा भुगा होऊन गवतावर पडला.

“ताई,” माणिकने नंदाच्या फ्रॉकला ओढलं, “आता माझी पाळी कधी?”

नंदाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग खाली बसून त्याला असं धरलं की तो गुदमरून “सोड ना गं” म्हणायला लागला. ती रडतेय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. धापा टाकत वर पोहोचलेले गुणाजीकाका हे बघून मटकन दगडावर बसले आणि डोळे पुसायला लागले.

जयवंतदादा उठला. त्याने गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि नंदापुढे येऊन उभा राहिला.

“माझं चुकलं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “दोर बाहेर काढला की इंच न् इंच तपासायचा, हे मीच तुम्हाला शिकवतो. मी नाही तपासला. तू सांगितलंस तेव्हा ऐकलं नाही. चल, तुझ्या आईला मीच सांगतो.”

“मीय येतंय,” गुणाजीकाका म्हणाले. “नाचलंय मी.”

दुपारभर दोघं माफी मागत घरोघर फिरत होते. द्रौपदीबाईंनी दोघांना काय ऐकवलं, ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. माणिकला आता कुठेच पाठवायचं नाही, असंही त्या म्हणाल्या. पण माणिकने तोंड एवढंसं केलं, आणि राजमाचीला दोर लागतच नाही हे शुभाने नकाशा दाखवून सिद्ध केलं, तेव्हा त्या नंदाकडे वळल्या. “तू न्हेणार असशील तर न्हे,” त्या म्हणाल्या. मग लाडवांचा डबा काढून त्यातले लाडू प्लास्टिकच्या पिशवीत भरायला लागल्या. नंदाला वाटलं, आपण स्वप्नात आहोत.

संध्याकाळी मुलं फाटकाशी जमली. मंडळाचे अध्यक्ष श्यामकांतराव भाषणाला उभे राहिले. अशी संधी ते सोडत नसत.

“आज या तीन मुलांनी आम्हा मोठ्यांचे डोळे उघडले,” ते म्हणाले. “मंडळाच्या सामानाची तपासणी यापुढे ही तिघं करतील. त्यांनी हो म्हटल्याशिवाय माळ्यावरची सुतळीसुद्धा बाहेर निघणार नाही.” टाळ्या पडल्या. मग ते शिवाजी महाराजांच्या गडांकडे वळले, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की हे लवकर आटोपणार नाही.

चंद्रप्रकाश काखेत उशीचा अभ्रा धरून उभा होता. त्याचं सगळं सामान त्या अभ्र्यात होतं. लाल सॅकचं जे उरलं होतं, ते त्याने घडी करून कपाटात ठेवलं होतं. जयवंतदादा त्याच्याजवळ आला. त्याने पाठीवरची आपली सॅक उतरवली, सामान बाहेर काढलं आणि रिकामी सॅक चंद्रप्रकाशच्या हातात दिली.

“आणि तू?”

जयवंतदादाने एक जुनं लुगडं पसरलं, त्यात सामान टाकलं, चार टोकं बांधली आणि गाठोडं खांद्यावर मारलं. “मी असाच येणार,” तो म्हणाला.

गर्दीतून कोणी हसलं नाही. द्रौपदीबाई मात्र पुढे गेल्या, ती गाठ सोडून त्यांनी पुन्हा नीट बांधली आणि म्हणाल्या, “अशी बांधायची. सुटली तर पोरांचे हाल.”

भाषण चालूच होतं. दिवसभराच्या दगदगीने माणिकचे डोळे मिटायला लागले. नंदा पायरीवर बसली होती; तो तिच्या मागे बसला, तिच्या पाठीला टेकला आणि झोपून गेला. तो बराच जड लागत होता. नंदाने शेजारून मागून आणलेली सॅक पुढ्यात होती, पाय अवघडला होता, गुडघा ठणकत होता. ती जरा पुढे वाकली, म्हणजे त्याची मान अवघडणार नाही, आणि भाषण संपेपर्यंत तशीच बसून राहिली.